झोसिमाची गाडी अजून दारातच

आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली आणि गाडी घेतल्याला एकतीस. या एकतीस उन्हाळ्यांपैकी एकोणीस उन्हाळे आमची गाडी नदीच्या चुकीच्या काठावर उभी होती. हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण झोसिमाला ते वरचेवर ऐकवावे लागतात.

ओल्मुगा गावात रस्ता एकच. बंद पडलेल्या शाळेपासून स्मशानापर्यंत, दीड किलोमीटर. बाकीचं सगळं जग नदीच्या पल्याड. हिवाळ्यात नदी गोठली की तिच्यावरूनच रस्ता होतो आणि गाडी दारातून निघते ती थेट तालुक्याला जाऊन थांबते. उन्हाळ्यात होडी. पण वर्षातून दोनदा तीन-तीन आठवडे असे येतात की बर्फ माणसाला पेलत नाही आणि होडीला वाट देत नाही. तेव्हा आम्ही घरात बसून एकमेकांची डोकी खातो. म्हणून एप्रिलमध्ये, बर्फ जायच्या आधी, ज्याची त्यानं आपली गाडी पल्याड नेऊन पाईनच्या झाडांखाली ठेवायची आणि चालत घरी यायचं. मग उन्हाळाभर होडीनं पलीकडे उतरलं की गाडी तयार. फार लवकर नेली तर महिनाभर लाकडं आणि चारा पाठीवर वाहायचा. उशीर झाला तर गाडी अल्याड अडकली, ती थेट नोव्हेंबरपर्यंत. आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. मी काही वाढवून सांगत नाही, अंडी मीच काढते.

आता कुणाला वाटेल, नवऱ्याला बर्फातलं कळत नसेल. तसं असतं तर मी कधीच गप्प बसले असते. पंचाईत ही की अख्ख्या नदीकाठी बर्फातलं त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही.

झोसिमा येफिमिच, वय सदुसष्ट, उंची बेताची, भुवया मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. सामुदायिक शेती होती तेव्हा नदीवरचा रस्ता सांभाळायची त्याची नोकरी होती. शेती गेली, नोकरी गेली, पगार गेला, झोसिमा गेला नाही. अजून रोज सकाळी लोखंडी पहार आणि हाताचं गिरमिट घेऊन तो नदीवर जातो. चौदा ठिकाणी भोकं पाडतो, बर्फ मोजतो, गुडघ्यावर बसून कान लावतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना फरची रोपं खोचतो, म्हणजे धुक्यात कुणी भरकटू नये. नवीन वर्षाला लोक त्यातलीच रोपं उपटून घरी नेतात आणि सजवतात, मग हा पुन्हा खोचतो. त्याची चालसुद्धा बर्फावरची झाली आहे. जुलैमध्ये स्वयंपाकघरात येतो तोही आधी पाय टेकवून बघतो आणि मग वजन टाकतो.

आमचं लग्नही त्यानं असंच मोजून केलं. मी पल्याडची, चौऱ्याऐंशी किलोमीटरवरच्या चुखारी गावची. नोव्हेंबरातला मुहूर्त ठरला, आईनं घरी बिअर घातली, आणि नवरदेवाचा निरोप आला की बर्फ अजून चार बोटं कमी आहे. आठवडा गेला. दोन बोटं कमी आहे. आणखी आठवडा गेला. वऱ्हाड एकविसाव्या दिवशी आलं तेव्हा बिअर आंबून गेली होती. माझी थोरली बहीण पाव्ला दारातच त्याला म्हणाली, "आलात? आम्हाला वाटलं, वसंतात बर्फाबरोबरच वाहत याल." तो म्हणाला, "वसंतात बर्फ उलट्या दिशेला जातो." त्याच दिवशी मला शहाणपण यायला हवं होतं.

तर, गाडी का राहते ते सांगते. ग्रामकार्यालयाच्या कापितोलिनाबाई दर वर्षी दहा एप्रिलला काठावर पाटी ठोकतात, 'नदीवरून वाहतूक बंद'. बर्फ हातभर असो नाहीतर वितभर, पाटी दहालाच. त्या पाटीवर मांजरसुद्धा विश्वास ठेवत नाही. लोक सकाळी उठून खिडकीतून आमच्या दाराकडे बघतात. झोसिमाची गाडी अजून दारातच आहे? मग वेळ आहे. दुकानात, पोस्टात, गावच्या सार्वजनिक न्हाणीघराच्या पायरीवर हेच वाक्य. गाडी जोवर आमच्या दारात, तोवर गाव निवांत. आणि म्हणून तो गाडी हलवत नाही. रोज चार-पाच जणांना सांगतो, तू आज जा, तू उद्या जा, तुझा ट्रक जड आहे, पहाटेच्या थंडीत ने. दोन गाड्यांत शंभर मीटर अंतर, दार उघडं, पट्टा काढलेला. सगळ्यांच्या गेल्या की मग आमची. तोवर नदीला दम निघाला तर.

याला कारण आहे आणि ते मला माहीत आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याला तालुक्याला काही काम होतं, म्हणून एका सकाळी कुणाला काही न सांगता तो गाडी घेऊन पल्याड गेला. बर्फ चांगला होता. पण गावानं दार रिकामं पाहिलं आणि समजून घेतलं की झोसिमा गेला म्हणजे नदी चालली, बर्फ आता सुटणार. नऊ गाड्या एकामागे एक, शेपटीला नाक लावून, बर्फावर उतरल्या. चौथा दुधाचा टँकर होता, त्याच्याखाली बर्फ फुटला. तो झोसिमाचा चुलतभाऊ नील चालवत होता आणि थंडी म्हणून त्यानं दार बंद ठेवलं होतं. नील सापडला तो जूनमध्ये.

एवढं माहीत असल्यावर माणसानं भांडायचं तरी कसं? हीच माझी खरी चीड आहे. दारुड्या नवऱ्याशी भांडता येतं, आळशी नवऱ्याशीही भांडता येतं. याच्याशी भांडायला गेलं की मधे नील येऊन उभा राहतो.

तरी मी भांडते. एकोणीस उन्हाळे मी होडीनं पलीकडे जाऊन लोकांच्या गाड्यांपुढे हात पसरला आहे. एकदा एक कपाट आणि एक वासरू यांच्यामध्ये बसून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतं, मी म्हटलं, आता सगळीकडेच.

यंदा मार्चमध्ये पाव्लाचा फोन आला. ती फोनवर ओरडते, कारण तिला वाटतं अंतर लांब आहे.

"आग्निया! वादीम मला न्यायला येतोय! मेच्या शेवटी!"

वादीम तिचा मुलगा. दक्षिणेला, समुद्राच्या बाजूला, तीन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर राहतो.

"किती दिवसांसाठी?"

"किती दिवसांसाठी काय! घर विकलं त्यानं. मला आता चूल दिसत नाही की विहीर दिसत नाही, एकटी कशी राहू? कायमचीच चालले."

पाव्ला एकोणऐंशीची. डोळे गेल्या दोन वर्षांत गेले, नुसता उजेड आणि अंधार कळतो. तीन दिवस रेल्वेत बसून मी काही तिच्याकडे जाणार नाही आणि ती काही परत येणार नाही. हे दोघींनाही कळलं. त्यामुळे दोघीही कोबीच्या भावाबद्दल बोललो आणि फोन ठेवला.

मी झोसिमासमोर जाऊन उभी राहिले. तो गिरमिटाला धार लावत होता.

"यंदा गाडी पल्याड हवी."

"बघू."

"बघू नाही. मेच्या शेवटी पाव्ला जातेय. होडी सुरू होते पंधराला. मधल्या दिवसांत मला चुखारीला जायचंय. तिथं बस जात नाही आणि कुणाच्या वासरासोबत बसून मी बहिणीचा निरोप घ्यायला जाणार नाही."

"आत्ताच जा ना. बर्फ चांगला आहे. राहा महिनाभर तिच्याकडे."

"आणि गाय? तिला मेच्या पहिल्या आठवड्यात वासरू व्हायचंय. तू बघणार? तू तिलाही गिरमिटानं भोक पाडून बघशील."

त्यानं गिरमिटाच्या पात्यावर अंगठा फिरवून धार बघितली. मग म्हणाला, "नेईन. शेवटी, पण नेईन."

"शेवटी म्हणजे मोदेस्तच्या नंतर."

"मोदेस्तच्या नंतर."

मी कपाळाला हात लावला. मोदेस्त आमचा शेजारी, पन्नाशीचा, मनानं चांगला आणि कामाचा शून्य. त्याच्या व्हॅनचं इंजिन जानेवारीपासून त्याच्या जेवणाच्या टेबलावर सुट्या भागांत मांडलेलं होतं आणि तो त्याच्या कडेकडेनं सूप प्यायचा. एप्रिल लागल्यापासून मी रोज त्याच्याकडे जायला लागले.

"मोदेस्त, झालं का रे?"

"झालंच काकू. उद्या."

"काल पण उद्याच होतं."

"काल एक नट सापडत नव्हता. आज सापडलाय."

"मग?"

"आता एक जास्त झालाय."

दहा एप्रिलला कापितोलिनाबाईंनी पाटी ठोकली. अकराला ऊन पडलं. बाराला छपरावरून धारा लागल्या आणि मोदेस्त म्हणाला की एक सुटा भाग तालुक्याहून यायचाय. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. दाराशी गाडी उभी, नदीवर बर्फ हातभर, पल्याड माझी बहीण, आणि मी काय मोजतेय, तर मोदेस्तचे नट!

तेराला सकाळी झोसिमा नेहमीसारखा पहार घेऊन वरच्या अंगाला गेला. मी गाईचं दूध काढलं, हात पुसले आणि गाडीत जाऊन बसले. मी अकरा वर्षं सामुदायिक शेतीचा ट्रॅक्टर चालवलेला आहे, मला कुणी गाडी शिकवायला नको. कोंबडी हाकलली, काच खाली केली, दार दोरीनं अर्धवट उघडं बांधलं, आणि निघाले.

खोटं कशाला बोलू, मजा आली. बर्फ कोरडा होता, फरची रोपं दोन्हीकडून मागे पळत होती. एकोणीस उन्हाळ्यांचा राग चाकांखालून निघून जात होता. पल्याड पाईनखाली पाच-सहा गाड्या आधीच होत्या, त्यांच्या शेजारी आमची लावली. किल्ली आतच ठेवली. पल्याड सगळेच ठेवतात, चोरून नेणार कोण आणि कुठं? पदर खोचावा तशी शाल खोचली आणि चालत परत निघाले.

नदीच्या मध्यावर आले तेव्हा समोरून गाडी येताना दिसली. तिच्या मागे दुसरी. तिच्या मागे ट्रॅक्टर, त्याला चाऱ्याची गाडी जोडलेली. आणि काठाच्या उतारावर आणखी, एकमेकांना हॉर्न देत, कोण आधी उतरतो म्हणून.

पहिल्या गाडीत कापितोलिनाबाई होत्या. हो, पाटीवाल्या. मी हात पसरून आडवी उभी राहिले.

"थांबा! कुठं निघालात सगळे?"

"येफिमिचची गाडी दारात नाही!" त्या खिडकीतून ओरडल्या. "गेला ना तो? किती वेळ आहे? तास तरी आहे का?"

"अहो आठवडा आहे! गाडी मी नेली, मी! त्याला माहीतसुद्धा नाही!"

"त्याला माहीत नाही आणि त्याची गाडी नदीवर? आग्निया प्रोकोपिएव्ना, मला घाबरवायचं नाही म्हणून सांगताय ना तुम्ही हे?"

"बाई, तुमची पाटी तीन दिवस तिथं आहे, तेव्हा नाही घाबरलात?"

"पाटीचं काय सांगताय मला! पाटी मीच लावलीय!"

मागचे हॉर्न वाजवायला लागले. कुणीतरी बाजूनं पुढे घालायला बघत होता. ट्रॅक्टरवाला खाली उतरून विचारत होता की मधेच का थांबलंय. अकरा वाहनं, एका रेषेत, एकाच जागी थांबलेली. आणि मीच त्यांना थांबवून ठेवलं होतं, नदीच्या नेमक्या मधोमध.

तेव्हा बर्फ बोलला. खालून, लांबवर, कुणी जाड कापड फाडावं तसा. हॉर्न एकदम थांबले. झोसिमानं सकाळी पाडलेल्या भोकातून पाणी वर आलं आणि माझ्या बुटांपर्यंत पसरलं. बर्फ वाकत होता. माझ्या डोळ्यांसमोर नीलचा टँकर उभा राहिला.

झोसिमा वरच्या अंगानं येताना दिसला. पळत नव्हता. भरभर चालत होता, ते नेहमीचं पाय टेकवत टेकवत. तो आमच्याकडे आलाच नाही. शंभर पावलं लांबून, नजर वरही न करता, तो थेट पल्याड गेला. पाईनखाली गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मग आमची हिरवी जीप वाट सोडून, खालच्या अंगानं, नुसत्या बर्फावरून गावाकडे परत यायला लागली. दिवे लावलेले, आणि हॉर्न एकसारखा दाबलेला. हळूहळू येत होती, सगळ्यांना नीट दिसेल अशी. आमच्या बाजूनं गेली, काठ चढली, आणि दारात तिच्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली.

कापितोलिनाबाई मान वळवून बघत होत्या. "परत आणली," त्या म्हणाल्या. "म्हणजे वेळ आहे." त्यांचा जीव भांड्यात पडला. झोसिमा काठावरून हातानं खुणा करत राहिला, शेवटचा आधी मागे, मग त्याच्या पुढचा, एकेक करून. अर्ध्या तासात नदी मोकळी झाली. सगळे घरी जाऊन न्याहारीला बसले असतील. मी गोठ्यात जाऊन बसले. मला लाज वाटत होती, आणि आपल्याला लाज वाटतेय याचा रागही येत होता.

वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, माझ्याजवळ उत्तरं तयार होती. तो जेवला, ताट धुतलं, बूट शेगडीपाशी ठेवले. झोपायला जाताना म्हणाला, "तेव्हा नऊ होत्या. आज अकरा." बास. चव्वेचाळीस वर्षांत यापेक्षा लांब भांडण त्यानं माझ्याशी केलेलं नाही.

मग आठवडाभर नेहमीसारखंच. रोज चार, रोज पाच, शंभर मीटर अंतर. दुकानात गेले की बायका म्हणायच्या, "आग्निया, गाडी आहे ना दारात?" जशी काही ती गाडी त्यांच्या बापानं हुंड्यात दिली होती. एकोणीस एप्रिलला मोदेस्त सोडून सगळे गेले. मोदेस्तचा सुटा भाग आला होता, पण तो चुकीचा आला होता. वीस तारखेला सकाळी नऊला त्याच्या व्हॅननं धूर सोडला. अकराला ती काठावरून खाली उतरली. झोसिमा तिच्यापुढे चालत पल्याड गेला आणि चालत परत आला. मी काठावर गाडीत बसूनच होते, इंजिन चालू ठेवून.

तो काठाशी आला आणि थांबला. आमच्या बाजूचा बर्फ काठापासून सुटला होता. दोन हात रुंद काळं पाणी. त्यानं त्यात पहार घातली, खाली बघितलं, वर माझ्याकडे बघितलं. मग पाण्यावरून फळी टाकून अल्याड आला.

"एक तास," मी म्हटलं. "एका तासानं हुकली."

"हो."

"मोदेस्तचे नट जास्त झाले म्हणून माझी बहीण मला भेटणार नाही. हो ना?"

"होडीनं जा. पलीकडून कुणीतरी नेईलच की. तीस गाड्या आहेत."

"नेईल की! मेमध्ये बटाटे लावायचे सोडून चौऱ्याऐंशी किलोमीटर मला कोण नेतोय? सगळे हो म्हणतील आणि 'उद्या' म्हणतील. हे गावच उद्याचं आहे." आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. विसावा उन्हाळा.

एक मेला नदी चालली. मोठमोठे तुकडे एकमेकांवर चढत, घासत, कण्हत निघाले. घरात बसून एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, त्याचं मला काही वाईट वाटलं नाही. दोन मेला गाय व्याली, कालवड झाली. तीनला पाव्लाचा फोन.

"आग्निया! वादीम आलाय!"

"मेच्या शेवटी येणार होता ना?"

"त्याची रजा बदलली! परवा निघतोय! परवा दुपारी तुमच्या समोरूनच जाणार, तो म्हणाला काठावर थांबवेन! तू काठावर येशील का?"

मी काय सांगणार? नदीवरून त्या दिवसांत पाखरू जातं, दुसरं काही नाही. म्हटलं, "येईन." ती म्हणाली, "मला दिसायचं नाही गं काही. पण तू ये."

पाचला दुपारी मी उतारावर जाऊन उभी राहिले. अंगावर लाल शाल घेतली होती. कुणासाठी कोण जाणे. हातात पिशवी, तिच्यात शांगी, म्हणजे वर बटाटा लावून भाजलेल्या छोट्या रोट्या, आणि रानबेरींच्या मुरंब्याची बरणी. पहाटे उठून का भाजल्या, तेही मला सांगता येणार नाही. पलीकडे पाईनखाली एक पांढरी गाडी येऊन थांबली. वादीम उतरला. त्यानं दुसरं दार उघडून पाव्लाला बाहेर काढलं. एवढीशी दिसत होती. त्यानं तिचे खांदे धरून तिला माझ्या दिशेला वळवलं, पण जरा चुकीचं, ती वरच्या अंगाला तोंड करून हात हलवायला लागली.

मी ओरडले. पाव्ला, इकडे, पाव्ला! माझा आवाज माझ्याच कानापर्यंत येईना, बर्फ एवढा कण्हत होता. शाल काढून हलवली. वादीमनं बघितली, हात केला. पण त्याच्याशी मला काय करायचंय? ती दुसरीकडेच हात हलवत राहिली आणि मी भर दुपारी काठावर उभी राहून रडायला लागले, रागानं. नदीवर राग, वादीमच्या रजेवर राग, मोदेस्तवर तर होताच.

मागे इंजिनाचा आवाज आला. आमची हिरवी जीप उतारावरून खाली येत होती, पाण्याच्या अगदी काठापर्यंत. झोसिमानं ती थांबवली, उतरला, आणि दार माझ्यासाठी उघडं धरलं.

"दाब," तो म्हणाला.

मी बसले आणि हॉर्नवर दोन्ही हात ठेवून दाबला. तो हॉर्न आधीपासूनच बेसूर आहे, कालवडीसारखा. पण तो पाण्यावरून गेला. पलीकडे पाव्लाचा हात हवेतच थांबला. तिनं मान वळवली, आणि मग सगळी वळली, नेमकी माझ्याकडे.

ती गाडीचं बोनेट चाचपत चाचपत दारापर्यंत गेली. वादीमनं तिला आत बसवलं. मग पलीकडून आवाज आला, एक लांब, दोन आखूड.

आमचे वडील चुखारीच्या नदीवर ओंडके ओढणारी बोट चालवायचे. चार-चार दिवसांनी घरी यायचे आणि वळणावर आले की भोंगा द्यायचे. एक लांब, दोन आखूड. म्हणजे आलोच, चहाच्या पाण्याला समोवार ठेवा. पाव्ला मोठी, ती समोवार पेटवायला धावायची आणि मी धक्क्यावर.

मी दाबलं, एक लांब, दोन आखूड. तिनं दाबलं. मी दाबलं. किती वेळ चाललं मला माहीत नाही. गाव काठावर जमा झालं होतं, मोदेस्तसुद्धा टोपी हातात घेऊन उभा होता. शेवटी आमचा हॉर्न घोगरा झाला, मग नुसता खरखरला, आणि बॅटरी संपली. पलीकडून एकदा, शेवटचं, आलं. पांढरी गाडी झाडांतून वळली आणि गेली.

मी गाडीतच बसून राहिले. आमची गाडी यंदा पल्याड असती तर ती तिथंच पाईनखाली उभी राहिली असती, मी इथंच उभी असते, आणि काठावर वाजवायला गावात दुसरी एकही गाडी नव्हती. हे मला कळलं. झोसिमालाही कळलं असणार. तो बोनेटला टेकून नदीकडे बघत होता. तोंडातून एक शब्द जरी काढला असता तर मी त्याला नदीत ढकललं असतं.

"बॅटरी मेली," मी म्हटलं. "आता ही इथून हलणार कशी?"

"बघू."

"तुझं बघू म्हणजे नोव्हेंबर."

"मोदेस्तला सांगतो ढकलायला."

"तो उद्या येईल."

पिशवी उचलली आणि चढ चढून घरी आले. शांगी टेबलावर ठेवल्या, शाल खुंटीला लावली. तो भोंगा ऐकला की जे करायचं असतं, ते मी केलं. समोवार ठेवला.